जपान : अनेक शहरांच्या सहलीची आखणी

जपानच्या पर्यटन व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या भारतीय प्रवाशाला इतर कागदपत्रांबरोबर एक साधा तक्ता भरून द्यावा लागतो. कोणत्या तारखेला कोणत्या गावी असणार, दिवसभरात काय करणार आणि रात्रीचा मुक्काम कुठे, एवढेच त्यात विचारलेले असते. बहुतेक जण हा तक्ता एजंटाकडून भरून घेतात आणि विसरून जातात. वास्तविक अनेक शहरांच्या सहलीची सारी आखणी या चार रकान्यांत सामावलेली आहे. तो स्वतः भरायला बसलेल्याच्या पहिल्या अर्ध्या तासातच ध्यानात येते की, यादीतली सात शहरे बारा रात्रींत बसत नाहीत.

मराठी वाचकाला जपानची ओळख नवी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने ती एका पिढीला करून दिली. तथापि तेथे जाणे ही दीर्घकाळ मोठ्या पर्यटन कंपन्यांच्या समूह सहलींपुरतीच गोष्ट होती. आता कुटुंबाने स्वतः आखून जाण्याचे प्रमाण वाढले आहे. भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून पर्यटनाचा एकप्रवेशी ई-व्हिसा सुरू झाल्याने कागदोपत्री कटकट थोडी कमी झाली. अर्थात अर्ज व्हिसा केंद्रामार्फतच करावा लागतो आणि मुक्कामाचा तक्ताही सुटलेला नाही. समूह सहलीत चुकीची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी असते. स्वतः आखलेल्या सहलीत ती घरातल्याच कोणावर तरी येते. चौघांच्या कुटुंबाचा खर्च काही लाखांत जातो, सोबत सत्तरीचे आई-वडील असतात आणि असा प्रवास बहुधा एकदाच घडणार असतो. म्हणून आखणीतले कोणते निर्णय बदलता येतात आणि कोणते येत नाहीत, हे आधी ओळखणे आवश्यक ठरते.

तारखा आधी

महाराष्ट्रातील नोकरदार कुटुंब शाळेच्या सुटीला बांधलेले असते. नेमक्या याच ठिकाणी पहिली अडचण उभी राहते. जपानमध्ये २९ एप्रिल हा शोवा दिन, ३ मे हा संविधान दिन, ४ मे हा हरित दिन आणि ५ मे हा बालदिन अशा सुट्या लागून येतात. या काळाला तेथे ‘गोल्डन वीक’ म्हणतात आणि अवघा देश त्या दिवसांत घराबाहेर पडलेला असतो. हॉटेलांचे दर चढतात, गाड्या भरतात आणि क्योटोच्या मंदिरांत पाय ठेवायला जागा उरत नाही. परीक्षा संपल्याबरोबर एप्रिलअखेरीस निघणारे मराठी कुटुंब नकळत याच गर्दीत जाऊन पडते. तेच कुटुंब आठवडाभर थांबून ७ मेनंतर उतरले, तर त्याला वर्षातले कदाचित सर्वांत सुखद दिवस मिळतात. थंडी सरलेली असते, झाडे नव्या पालवीची असतात आणि जूनमधला पाऊस अजून दूर असतो. एवढ्या एका आठवड्याचा फरक पुढच्या साऱ्या खर्चावर आणि मनःस्वास्थ्यावर पडतो.

ऑगस्टच्या मध्यावर पितरांच्या स्मरणाचा ‘ओबोन’ येतो, तेव्हा शहरांतली माणसे गावी जातात. वर्षअखेरीस २९ डिसेंबर ते ३ जानेवारी या दिवसांत अनेक दुकाने आणि संग्रहालये बंद असतात. २०२३ च्या वर्षअखेरीपासून गोल्डन वीक, ओबोन आणि नववर्ष या तिन्ही हंगामांत ‘नोझोमी’ या सर्वांत जलद शिनकानसेन गाड्यांचे सर्व डबे आरक्षित केले जातात. आयत्या वेळी अनारक्षित डब्यात चढून जागा धरण्याची सोय त्या काळात उरत नाही.

चेरीच्या बहराविषयी वेगळे सांगायला नको. टोकियो आणि क्योटोत तो साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो, जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो आणि आधी कोणाला कळवून येत नाही. त्याच्यासाठी सहा महिने आधी विमानाची तिकिटे काढणारा प्रवासी एक प्रकारे जुगारच खेळतो. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांचा आणखी एक गोड गैरसमज असतो. लाल-पिवळ्या पानांचा क्योटोतला हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भरात येतो. दिवाळी बहुधा त्याआधी आटोपलेली असते. ऑक्टोबरअखेरीस पाने पाहायचीच असतील तर टोकियोच्या उत्तरेस असलेल्या निक्कोच्या डोंगराकडे वळावे लागते.

शहरे नव्हे, बिछाने मोजावेत

आखणीत शहरांची संख्या मोजण्याची सवय सर्वत्र आहे. त्याऐवजी किती वेळा बिछाना बदलणार, हे मोजावे. जपानी हॉटेलांत सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते आणि दुपारी तीनच्या आधी नवी खोली मिळत नाही. मधल्या वेळात प्रवास दोन तासांचा असला तरी आवराआवर, स्थानक गाठणे, सामान ठेवणे आणि नव्या गावात दिशा उमगणे यांत दिवसाचा मोठा भाग निघून जातो. लहान मूल किंवा वृद्ध सोबत असतील तर संपूर्ण दिवसच जातो, असे धरून चालावे. बारा रात्रींत सहा मुक्काम म्हणजे अडीच-तीन दिवस बॅगा भरण्यात गेले. एवढे पैसे मोजून मिळालेले दिवस असे खर्ची घालणे परवडणारे नसते.

यावर जपानचा भूगोलच उपाय सुचवतो. क्योटोहून ओसाका साध्या जलद गाडीने अर्ध्या तासावर आहे आणि नारा पाऊण तासावर. त्यामुळे ही तीन शहरे म्हणजे तीन मुक्काम नव्हेत. एका ठिकाणी चार-पाच रात्री राहून तिन्ही पाहता येतात. मुक्काम क्योटोत ठेवावा की ओसाकात, यावर मतभेद आहेत. ओसाकात खोल्या तुलनेने स्वस्त मिळतात आणि रात्री शहर जागे असते. परंतु क्योटोचे खरे रूप सकाळी सातला, पर्यटकांच्या झुंडी येण्यापूर्वी दिसते. फुशिमी इनारीच्या हजारो केशरी तोरणद्वारांची वाट पहाटे निर्मनुष्य असते आणि दहाला तिथे खांद्याला खांदा घासतो. ओसाकाहून ती वेळ साधणे कुटुंबाला जमत नाही. ज्याला मंदिरे पाहायची आहेत त्याने क्योटोत, तेही स्थानकाजवळ किंवा भुयारी रेल्वेलगत राहावे. क्योटोतल्या बसगाड्या इतक्या भरतात की, मोठी बॅग घेऊन त्यात शिरणे स्थानिकांच्या रोषाला आमंत्रण ठरते.

नाराला जाणाऱ्या मराठी प्रवाशाचे लक्ष सहसा हरणांकडे असते. तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन इसवी सन ७५२ मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले होते, हे ठाऊक असले तर त्या भव्य काळोख्या दालनात पाय जरा अधिक वेळ रेंगाळतील.

आता प्रत्यक्ष आराखडा पाहू. बारा रात्री असतील तर टोकियोत चार, क्योटोत पाच, हिरोशिमात एक आणि ओसाकात शेवटच्या दोन, अशी मांडणी चालते. यात कानाझावा नाही, हाकोने नाही, ताकायामा नाही. वाचताना हे कंजूसपणाचे वाटेल; परंतु चार बिछान्यांत एवढेच नीट बसते. केन्रोकुएन उद्यानासाठी कानाझावा हवेच असेल तर हिरोशिमा सोडावे. दोन्ही घालणारा आराखडा कागदावर उत्तम दिसतो आणि नवव्या दिवशी त्यातला सर्वांत वयस्कर प्रवासी हॉटेलातच थांबतो म्हणतो.

टोकियोत खोली निवडताना एका शब्दाकडे लक्ष द्यावे. ‘सेमी डबल’ असे लिहिलेल्या खोलीतला पलंग साधारण १२० सेंटिमीटर रुंद असतो आणि तो दोघांसाठी विकला जातो. स्वस्त दर पाहून ही खोली घेणाऱ्या दांपत्याची रात्र कशी जाते, याची कल्पना करता येईल. दोन स्वतंत्र पलंगांची ‘ट्विन’ खोलीच घ्यावी. तिघांची खोली दुर्मीळ असते, म्हणून मूल सहा वर्षांपेक्षा मोठे असेल तर हॉटेलांचे आरक्षण विमानाच्या तिकिटापाठोपाठ लगेच करावे. हॉटेलचे नाव लिहिताना जवळचे स्थानक आणि त्याचे नेमके द्वारही लिहून ठेवावे. शिंजुकु स्थानकाला दोनशेहून अधिक द्वारे आहेत. चुकीच्या द्वाराने बाहेर पडलेला प्रवासी बॅगांसह अर्धा तास चालतो, शिवाय लिफ्ट प्रत्येक द्वाराशी असतेच असे नाही.

रेल्वे पासाचे गणित

जपानला जाऊन आलेला कोणीही नातेवाईक पहिला सल्ला देतो तो ‘रेल्वे पास’ काढण्याचा. हा सल्ला एके काळी अगदी योग्य होता. सात दिवसांचा साधा पास ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला मिळत असे. टोकियो ते क्योटो जाऊन-येऊन आरक्षित भाडेच सुमारे २८ हजार येन होते, म्हणजे मध्ये एक फेरी अधिक केली की पास वसूल. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची किंमत ५०,००० येन झाली आणि जुने गणित संपुष्टात आले. सल्ला मात्र अजून फिरतोच आहे.

ताळा करून पाहावा. टोकियो-क्योटो सुमारे १४ हजार, क्योटो-हिरोशिमा सुमारे ११ हजार, हिरोशिमा-ओसाका साडेदहा हजार आणि ओसाकाहून परत टोकियो साडेचौदा हजार. बेरीज पन्नास हजारांच्या आसपास येते. म्हणजे हिरोशिमापर्यंत जाऊन पुन्हा टोकियोला परतले, तेही सात दिवसांच्या आत, तरच पासाची जेमतेम बरोबरी होते. त्यातही नोझोमी गाडीसाठी पासधारकाला वेगळे अधिक शुल्क द्यावे लागते. ते न दिल्यास जास्त थांबे घेणाऱ्या ‘हिकारी’ने जावे लागते. बारा दिवसांच्या सावकाश सहलीत हा प्रवास सात दिवसांत कोंबणे म्हणजे पासासाठी सहल करण्यासारखे आहे.

यातून सर्वांत मोठी बचत सुचते ती विमानाच्या तिकिटाची. टोकियोला उतरावे आणि ओसाकाजवळच्या कानसाइ विमानतळावरून परतावे. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणाऱ्या अनेक विमान कंपन्या दोन्ही विमानतळांवर जातात आणि ‘मल्टि-सिटी’ असे निवडले की एकाच तिकिटात ही व्यवस्था होते. त्याचे भाडे परतीच्या साध्या तिकिटाइतकेच किंवा थोडेसेच अधिक असते. परतीची टोकियो फेरी वाचल्याने माणशी साडेचौदा हजार येन आणि अर्धा दिवस वाचतो. वर मांडलेल्या चार मुक्कामांचा रेल्वेखर्च मग पस्तीस-छत्तीस हजार येनवर येतो आणि मोठ्या पासाचा प्रश्नच उरत नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला निम्मे भाडे पडते. त्याहून लहान मूल मांडीवर बसणार असेल तर विनामूल्य जाते.

पासांची ही गुंतागुंत मुळात आली कुठून, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. जपानची सरकारी रेल्वे १ एप्रिल १९८७ रोजी मोडली गेली आणि प्रवासी वाहतूक सहा प्रादेशिक कंपन्यांत विभागली गेली. १९६४ मध्ये ऑलिम्पिकच्या तोंडावर सुरू झालेला टोकियो ते शिन-ओसाका हा पहिला शिनकानसेन मार्ग एका कंपनीकडे गेला आणि शिन-ओसाकापासून पश्चिमेकडचा हिरोशिमामार्गे हाकाताला जाणारा दुसरीकडे. गाडी एकच, रूळ सलग. पण मालक मध्येच बदलतो. म्हणून पश्चिमेकडच्या कंपनीचा कानसाइ-हिरोशिमा प्रादेशिक पास ओसाका ते हिरोशिमा शिनकानसेनला चालतो, पण क्योटो ते शिन-ओसाका या पंधरा मिनिटांच्या शिनकानसेन प्रवासाला चालत नाही. तेवढा टप्पा साध्या गाडीने जावे आणि शिन-ओसाकाला शिनकानसेन पकडावी. हा पाच दिवसांचा पास २०२३ च्या दरवाढीनंतर १७,००० येनला पडू लागला. क्योटोत राहून हिरोशिमाला जाऊन-येऊन करणाऱ्याला तो निश्चित स्वस्त पडतो. मियाजिमा बेटावर जाणारी रेल्वेची फेरीबोटही त्यात येते. बेटावर उतरणाऱ्यास ऑक्टोबर २०२३ पासून १०० येन प्रवेशकर मात्र वेगळा द्यावा लागतो.

जुनी माहिती कशी दगा देते, याचे दुसरे उदाहरण कानाझावाचे. टोकियोहून तेथे जाणारी शिनकानसेन १४ मार्च २०१५ रोजी सुरू झाली आणि १६ मार्च २०२४ रोजी पुढे त्सुरुगापर्यंत वाढली. त्याआधी क्योटो-ओसाकाहून ‘थंडरबर्ड’ गाडी थेट कानाझावाला जात असे. आता त्सुरुगाला गाडी बदलावीच लागते, तीही काही मिनिटांत, जिने चढून-उतरून. २०२३ सालचे एखादे मार्गदर्शक पुस्तक हातात धरून निघालेल्याला हे स्थानकातच कळते.

शिनकानसेनची आरक्षणे प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला खुली होतात. भारतात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. गर्दीचा हंगाम नसेल तर एवढी धावपळ करण्याचे कारण नाही. दर थोड्या मिनिटांनी नोझोमी सुटते. क्योटोकडे जाताना मात्र ‘ई’ अक्षराची आसने मागावीत. आभाळ स्वच्छ असेल तर सुमारे पाऊण तासाने उजव्या खिडकीतून फुजी पर्वत दिसतो. उन्हाळ्यात तो बहुधा ढगांत असतो, म्हणून केवळ फुजी दर्शनासाठी एक मुक्काम वाढवण्यापेक्षा हे बरे.

शहरांतर्गत प्रवासासाठी ‘सुइका’ किंवा ‘इकोका’सारखे एक कार्ड पुरते. अशी दहा प्रमुख कार्डे २०१३ पासून परस्परांच्या क्षेत्रांत चालू लागली. एका क्षेत्रात शिरून दुसऱ्या क्षेत्रात बाहेर पडता मात्र येत नाही. टोकियोत कार्ड टेकवून क्योटोला उतरू पाहणाऱ्याला फाटकापाशी थांबावे लागते.

सामान

२०२० च्या मेपासून तोकाइदो, सान्यो आणि क्युशू या शिनकानसेन मार्गांवर लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेसाठी डब्याच्या मागची ठरावीक आसने आधी आरक्षित करावी लागतात. न केल्यास एक हजार येन दंडवजा शुल्क आहे. विमान कंपन्यांच्या सर्वसाधारण मर्यादेतली बॅग १५८ सेंटिमीटरची असते, त्यामुळे ती नियमात बसते. डोक्यावरच्या फळीवर ती चढवणार कोण, हा प्रश्न वेगळा. चार माणसे आणि चार मोठ्या बॅगा असा संसार गाडीच्या दारातच अडकतो, आणि स्थानकावर गाडी एक-दीड मिनिटच थांबते.

यावरचा जपानी तोडगा म्हणजे ‘ताक्युबिन’. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यावी, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहून द्यावा. टोकियोहून क्योटोला ती बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. आकार आणि अंतरानुसार दर बॅगेमागे साधारण दोन-तीन हजार येन पडतात. यासाठी आखणीत एक रात्र अशी ठेवावी की, जिला पाठीवरच्या छोट्या पिशवीतले कपडे पुरतील. हिरोशिमाची एक रात्र नेमकी त्यासाठी योग्य आहे. क्योटो सोडताना मोठ्या बॅगा सरळ ओसाकाच्या हॉटेलात पाठवाव्यात आणि शांतता स्मारक संग्रहालयात मोकळ्या हातांनी जावे. ६ ऑगस्ट १९४५ च्या त्या सकाळच्या वस्तू पाहून बाहेर आल्यावर कोणाला लगेच पुढची गाडी पकडावीशी वाटत नाही. मुक्कामाची ती एक रात्र म्हणूनही हवी.

जेवण

शाकाहारी कुटुंबाच्या आखणीत जेवण हा शेवटचा नव्हे, पहिल्या तीनांतला मुद्दा आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ हे सार आहे आणि ते बहुधा वाळवलेल्या ‘बोनिटो’ माशाच्या कात्रणांपासून करतात. भाज्यांचे सूप, सोबा शेवयांबरोबरची चटणीवजा सोय, टोफूवरचा रस, साध्या अंड्याच्या गुंडाळीतही ते असते. जपानी ‘करी’ पाहून आपलेपणा वाटतो, पण तिच्या मसाल्याच्या वड्यांत प्राण्यांची चरबी असू शकते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण त्या शब्दात मासा येत नाही. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे मांसही खात नाही आणि मासाही, असे सांगावे. दाशीचा उल्लेख निराळा करावा आणि हे सारे जपानी लिपीत लिहिलेले कार्ड जवळ बाळगावे. वेटर मान डोलावून नम्रपणे नकार देईल. तो अपमान समजू नये. आत काय आहे, याविषयी त्याला खात्री नसते आणि खोटे सांगायचे नसते.

व्यवहारात सकाळचे जेवण हॉटेलात, दुपारी सोबतचे काही आणि रात्री ठरवून शोधलेले शाकाहारी किंवा भारतीय उपाहारगृह, अशी विभागणी चालते. टोकियोच्या एदोगावा भागातल्या निशी-कासाइ परिसरात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि इडली-डोशापासून किराण्यापर्यंत सारे मिळते. याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रातले गृहस्थ निवडून गेले होते. शहराच्या मध्यापासून हा भाग थोडा दूर असला, तरी आई-वडील सोबत असणाऱ्यांनी टोकियोतला मुक्काम तिथेच किंवा त्या भुयारी मार्गावर ठेवण्याचा विचार करावा.

खऱ्या जपानी आणि खऱ्या शाकाहारी जेवणासाठी मात्र कोयासानला जावे. कुकाइ या आचार्याला इसवी सन ८१६ मध्ये मिळालेल्या या पर्वतावर पन्नासहून अधिक मंदिरांत प्रवाशांची राहण्याची सोय आहे आणि तेथे भिक्षूंचे ‘शोजिन र्‍योरी’ हे मांस-मासे वर्ज्य असलेले भोजन वाढले जाते. ओसाकाच्या नाम्बा स्थानकाहून नानकाइ रेल्वे आणि शेवटी केबल कारने साधारण दोन तास लागतात. येथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा असून त्याचे अनावरण २०१५ च्या सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. वरच्या आराखड्यातील क्योटोची एक रात्र कमी करून ती येथे घातली तर पाचवा बिछाना वाढतो. एवढा एकच अपवाद करण्याजोगा आहे. डोंगरावर थंडी मुंबईकराच्या कल्पनेपेक्षा जास्त असते आणि खोल्यांची न्हाणीघरे बहुधा सामायिक असतात.

औषधे आणि पैसा

सामान भरताना घरातला औषधांचा डबा जसाच्या तसा उचलून नेऊ नये. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली सर्दीची औषधे जपानमध्ये नेण्यास मनाई आहे, कोडीनयुक्त औषधांवरही प्रमाणाचे बंधन आहे आणि अॅम्फेटामाइन असलेली औषधे तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. मधुमेह-रक्तदाबाची नेहमीची औषधे एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त हवी असल्यास ‘युन्यु काकुनिन-शो’ हे आयात प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. गोळ्या मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह असाव्यात. रुग्णालयाचा खर्च परदेशी प्रवाशाला पूर्ण भरावा लागतो, त्यामुळे प्रवास विमा टाळू नये.

मोठ्या दुकानांत कार्ड चालते, पण मंदिरांची प्रवेशिका, गल्लीतले उपाहारगृह किंवा कार्डात पैसे भरण्याचे स्थानकातले यंत्र अजूनही रोख मागते. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या यंत्रांतून परदेशी कार्डावर येन निघतात. पारपत्र सतत अंगावर बाळगणे पर्यटकाला कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका-अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक सर्वत्र चालतात.

मोकळा दिवस

प्रत्येक तारखेसमोर काहीतरी लिहिलेच पाहिजे, हा तक्त्याचा आग्रह प्रवाशाने मनावर घेऊ नये. काही गोष्टी तारखेला खिळलेल्या असतात. मिताका येथील जिब्ली संग्रहालयाची तिकिटे दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्यासाठी विक्रीस निघतात आणि दारात मिळत नाहीत. टोकियोचे राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते. सोमवारी सार्वजनिक सुटी आली तर उघडे राहून मंगळवारी बंद होते. अशा गोष्टी आधी बसवाव्यात आणि क्योटोतला किमान एक दिवस पूर्ण रिकामा सोडावा.

ऑगस्ट-सप्टेंबरात जाणाऱ्यांना तर हा दिवस लागतोच. जपानी रेल्वे वादळ येण्याआधीच गाड्या बंद ठेवण्याची घोषणा करते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस ‘शानशान’ वादळाच्या वेळी टोकियो-ओसाका मार्गाचा मधला भाग काही दिवस बंद राहिला आणि ज्यांचे परतीचे विमान टोकियोहून होते, असे क्योटोतले प्रवासी अडकून पडले. अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळतात, हॉटेलचे मिळतीलच असे नाही. म्हणून थोडा अधिक दर देऊन का होईना, रद्द करता येणारी आरक्षणेच घ्यावीत.

परतीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम विमानतळाच्याच शहरात असावा, हा नियम कानसाइच्या बाबतीत विशेष पाळावा. १९९४ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे आणि एका पुलाने किनाऱ्याला जोडलेला आहे. ४ सप्टेंबर २०१८ रोजी ‘जेबी’ वादळात धावपट्टीवर पाणी शिरले, भरकटलेले एक तेलवाहू जहाज पुलावर आदळले आणि हजारो प्रवासी रात्रभर बेटावर अडकले. जोराचा वारा सुटला तरी पुलावरची रेल्वे थांबते. ओसाकात असलेल्या प्रवाशाला तेव्हा बसचा पर्याय शोधायला हाताशी वेळ असतो. सकाळी हिरोशिमाहून निघून दुपारचे विमान गाठू पाहणाऱ्याला तो नसतो.